तीन जन्मगावं आणि आईचा पाळणा

पहिला दिवस : पाटणा

पुण्याहून निघून दुपारी पाटण्याला उतरलो. आम्ही तिघी होतो. मी, माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि आमच्या शेजारच्या भाभी. आई सांगली जिल्ह्यातल्या शेतकरी जैन घरातली, दिगंबर. भाभींचं घराणं राजस्थानातून येऊन दोन पिढ्या पुण्यात स्थिरावलेलं, श्वेतांबर. भगवान महावीरांचं आयुष्य जिथं जिथं घडलं ती ठिकाणं क्रमानं बघायची, असं आमचं ठरलं होतं. जन्म, दीक्षा, केवलज्ञान म्हणजे संपूर्ण ज्ञान, पहिला उपदेश, निर्वाण. मी वहीत यादी करायला घेतली आणि पहिल्याच ओळीवर अडले. जन्मगावापुढे तीन नावं आली: वैशालीजवळचं बासोकुंड, नालंद्याजवळचं कुंडलपूर आणि जमुई जिल्ह्यातलं लछुआड. आईनं बस्तीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरातल्या, पूजेत आयुष्यभर कुंडलपूर ऐकलेलं. भाभींच्या घरचे लोक यात्रेला लछुआडला जाऊन आलेले. मला वैशाली पटत होतं. शेवटी तिन्ही ठेवली.

संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच अंधारून येतं इथं. सूर्यास्तानंतर आई काही खात नाही, भाभीही नाही, त्यामुळे धर्मशाळेत पोचल्या पोचल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आईनं तांब्याला फडकं बांधून पाणी गाळलं आणि लगेच झोपली.

दुसरा दिवस : वैशाली

गंगा ओलांडली. पूल पाच-साडेपाच किलोमीटरांहून जास्त लांब आहे, आणि तेवढा वेळ आई खिडकीला नाक लावून बसली होती. पलीकडे हाजीपूर, केळीच्या बागा, मग सपाट शेतं.

आज कार्तिक वद्य दशमी. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून इथल्या पंचांगात हीच तिथी मार्गशीर्ष कृष्ण दशमी. महावीरांच्या दीक्षेचा दिवस. तारखा जुळवून निघालो नव्हतो, गाडीत बसल्यावर आईच्याच लक्षात आलं. तिनं तिथल्या तिथं एकभुक्ती धरली, दिवसात एकदाच जेवायचं. तिसाव्या वर्षी वर्धमानानं, म्हणजे महावीरांनी, राजवाडा सोडला, ज्ञातृखंड नावाच्या वनात जाऊन अशोकवृक्षाखाली पाच मुठींत डोक्यावरचे केस उपटले आणि चालायला लागला. नंतरची साडेबारा वर्षं तो चालतच राहिला.

बासोकुंड आज मुझफ्फरपूर जिल्ह्यात येतं. इथं जमिनीचा एक तुकडा गावकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या नांगरलेला नाही. ‘अहल्य’ म्हणतात त्याला, नांगर न लागलेली. भोवती एकेक हात जमिनीला पेरा असताना तेवढी मोकळी ठेवलेली. जवळपास शिलालेख नव्हता, राजाची सत्ता नव्हती, जैन वस्तीही उरली नव्हती. तरी शेतकऱ्यांनी बापाकडून ऐकून मुलाला सांगितलं की इथं कुणी थोर जन्मला, इथं फाळ घालायचा नाही. १९५६ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथं प्राकृत आणि जैन विद्येच्या संस्थेची पायाभरणी झाली. आता संगमरवरी मंदिरही आहे. पण माझं मन त्या न नांगरलेल्या मातीवरच गेलं. आमच्या घरी ऊस असतो, बांध दोन बोटं सरकला तरी भाऊबंदकी होते. जमीन सोडून देणं म्हणजे काय, हे आम्हा दोघींना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मी वैशालीच्या बाजूनं का, ते आईला गाडीत सांगितलं होतं. आगमांत, म्हणजे जुन्या जैन धर्मग्रंथांत, महावीरांना ‘वेसालिय’ म्हटलंय, म्हणजे वैशालीचा. त्यांची आई त्रिशला वैशालीच्या लिच्छवींच्या घरातली, चेटक राजाच्या नात्यातली. एकोणिसाव्या शतकात याकोबी आणि हर्नले या युरोपीय अभ्यासकांनीही कुंडग्राम, म्हणजे ग्रंथांतलं जन्मगाव, वैशालीपाशीच शोधलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, मातीवर पदर पसरून बसली आणि हळू आवाजात पाळणा म्हणायला लागली.

हा पाळणा आमच्या गावच्या बस्तीत महावीर जयंतीला म्हणतात. चैत्र शुद्ध त्रयोदशीला सकाळी फुलांनी सजवलेला छोटा पाळणा टांगतात, बायका दोरी ओढतात. आईनं तो तिच्या आईकडून घेतला. लिहून ठेवलेला कुठं नाही. आज पाळणाही नव्हता आणि दोरीही नव्हती, फक्त तिचा हात मांडीवर तालात हलत होता. शेजारून दोन मुलं शेळ्या घेऊन चालली होती, ती थांबून ऐकत राहिली.

परतताना कोल्हुआला अशोकस्तंभ पाहिला. एकच सिंह, उत्तरेकडे तोंड केलेला. सुंदर आहे, पण मला त्याच्यापाशी फार थांबवलं नाही.

तिसरा दिवस : कुंडलपूर, नालंदा

बिहारशरीफमार्गे दक्षिणेला. सकाळी इतकं धुकं होतं की ड्रायव्हरदादा दिवे लावून बैलगाडीच्या वेगानं चालवत होते. वाटेत एका टपरीवर आईनं विचारलं, कांदा-लसूण-बटाटा न घालता काही मिळेल का. त्या माणसानं साधी सत्तूची लिट्टी भाजून दिली, वर टोमॅटो भाजून मीठ घालून चोखा केला. पैसे घेताना म्हणाला, “पावापुरी जानेवाले सब यही माँगते हैं, माताजी.”

कुंडलपूर नालंद्याच्या अवशेषांपासून जवळच. दिगंबर समाज हे जन्मस्थान मानतो. इथं नंद्यावर्त नावाचा सात मजली महाल उभारलाय, महावीरांचे वडील सिद्धार्थ राजा यांच्या महालाच्या नावावरून. नवा, रंगीत, झगमगीत. मला जरा परकं वाटलं, पण आईला तसं काही वाटलं नाही. देवदर्शन करून तिनं मंडपातच बैठक मारली आणि पुन्हा पाळणा सुरू केला, पहिल्या ओळीपासून.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “आई, जन्म तर एकदाच झाला ना?”

“एकदाच झाला की.”

“मग काल वैशालीत म्हटलास तो?”

“तू एवढी शिकलीस, तुला नेमकी जागा सांगता येती का? मला तर अजिबात न्हाई येत. मग म्हणायला काय जातंय? जिथं झाला असंल तिथं पोचंल.”

मी गप्प झाले. लहानपणी शाळेत अनेकान्त, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हे, शिकवताना हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगायचे, आणि ती ऐकताना मला नेहमी वाटायचं की गोष्ट सांगणाऱ्याला तरी अख्खा हत्ती दिसतोय. इथं तसं नव्हतं. आईला स्वतःलाही हत्ती दिसत नव्हता, आणि ते तिला ठाऊक होतं. माझ्या वहीत जन्मगावापुढे वैशालीखाली मी दुहेरी रेघ मारली होती. वैशालीच मला अजूनही बरोबर वाटतं. पण महावीरांच्या शिकवणीत बोलताना ‘स्यात्’ जोडायला सांगितलंय, म्हणजे ‘एका अपेक्षेनं पाहता असं आहे’. माझ्या रेघेत तेवढी जागा नव्हती.

भाभींना इथं वेगळं काम होतं. श्वेतांबर परंपरेत हे गाव गोब्बर, महावीरांचे पहिले गणधर म्हणजे पट्टशिष्य इंद्रभूती गौतम आणि त्यांचे दोन भाऊ अग्निभूती आणि वायुभूती यांचं. भाभींनी गौतमस्वामींसाठी दिवा लावला, आई शेजारी हात जोडून उभी राहिली.

सिलावला खाजा घेतला. पदर सुटलेला, हाताला न चिकटणारा. सूर्य बुडायच्या आत गाडीतच संपवला.

चौथा दिवस : राजगीर

राजगीर म्हणजे जुनं राजगृह, मगधाची राजधानी, श्रेणिक बिंबिसाराचं गाव. भोवती पाच डोंगर: विपुलाचल, रत्नागिरी, उदयगिरी, स्वर्णगिरी, वैभारगिरी. रत्नागिरी नाव ऐकून आई हसली. महावीरांनी दीक्षेनंतर बेचाळीस चातुर्मास केले, त्यातले चौदा राजगृह आणि त्याच्या नालंदा या उपनगरात, बारा वैशाली आणि वाणिज्यग्रामात. म्हणजे परवा, काल आणि आज मिळून आम्ही त्यांच्या सव्वीस पावसाळ्यांच्या मुलखातून फिरलो. बाकीचे आठ महिने ते कुठं एका जागी राहत नसत.

पहाटे विपुलाचल चढलो. आईसाठी डोली ठरवत होते, तिनं नको म्हटलं. “माणसाच्या खांद्यावर बसून कसला देव बघायचा?” दहा पायऱ्या, मग बसायचं, पुन्हा दहा. खाली बघून, पायाखाली मुंगी येत नाही ना पाहत. ती एरवीही अशीच चालते, शेतातही. मला वाटायचं वयामुळे. आज चढताना आठवलं की माझ्या लहानपणीही ती अशीच चालायची.

दिगंबर परंपरा सांगते की पहिला उपदेश इथं झाला. ऋजुकूला नदीच्या काठी शालवृक्षाखाली वैशाख शुद्ध दशमीला केवलज्ञान झालं. समवसरण, म्हणजे उपदेशाची सभा, रचलं गेलं, देव, माणसं, जनावरं सगळे येऊन बसले, आणि भगवान बोललेच नाहीत. एक दिवस नाही, सहासष्ट दिवस. आईनं पायरीवर बसून बोटांवर मोजून दाखवलं: वैशाख दशमी ते ज्येष्ठ दशमी तीस, आषाढ दशमीला साठ, आणि गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सहासष्ट. ऐकून समजून घेणारा, पुढं नेणारा एक माणूस हवा होता. तो इंद्रभूती. वेद पारंगत, पाचशे शिष्यांचा गुरू, वादात हरवायला म्हणून निघालेला. गौतम येऊन शिष्य झाला तेव्हाच वाणी खिरली, म्हणजे उपदेश सुरू झाला, आणि ऐकणाऱ्या प्रत्येक जिवाला ती आपापल्या भाषेत कळली.

भाभी म्हणाल्या, “आमच्यात हे पावापुरीत झालं. वैशाख शुद्ध एकादशीला, दुसऱ्याच दिवशी.” तिथं सोमिल ब्राह्मणाचा मोठा यज्ञ चालला होता, अकरा विद्वान जमले होते. इंद्रभूती तणतणत महावीरांसमोर गेला, तर त्यांनी त्याला नावानं हाक मारली आणि त्यानं कुणालाही न सांगितलेली शंका त्यालाच सांगितली: आत्मा आहे की नाही, हा तुझा प्रश्न. अकराच्या अकरा जणांच्या मनात असा एकेक प्रश्न होता. संध्याकाळपर्यंत सगळे शिष्यांसकट दीक्षित झाले.

मला दोन्ही गोष्टी हव्याशा वाटतात, आणि दोन्हींत तो एकच क्षण आहे. इतक्या विद्वान माणसाच्या पोटात लपलेली एक शंका. त्याला हिणवलं नाही कुणी, ती बाहेर काढून समोर ठेवली. गौतम पुढं तीस वर्षं विचारतच राहिला. आगमांत पानोपानी ‘गोयमा’, म्हणजे ‘हे गौतमा’, अशी हाक येते.

ती हाक मी शाळेत वाचली आहे. आमच्याकडे आठवीला संस्कृतऐवजी अर्धमागधी घेता यायची. अर्धा वर्ग जैन, अर्धा इतर, सगळ्यांनाच ती घरची वाटायची. ‘जाणइ’ म्हणजे जाणे, ‘हत्थ’ म्हणजे हात, ‘पाय’ तर आहे तसाच पाय. महावीर पंडितांच्या संस्कृतात बोलले नाहीत, बाजारात आणि शेतात जी भाषा कानावर पडत होती तिच्यात बोलले, म्हणून अडीच हजार वर्षांनंतर कृष्णेकाठच्या एका पोरीला ती अर्धी तरी कळली.

उतरल्यावर वीरायतन ही जैन सेवासंस्था. तिच्या संस्थापिका चंदनाजी मूळच्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, चासकमानच्या. साध्वी असून त्यांना आचार्यपद मिळालं, २०२२ मध्ये पद्मश्री. इथलं डोळ्यांचं रुग्णालय बघून आई जास्त वेळ रेंगाळली. मोतीबिंदूच्या बायका भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या, एकेक डोळ्यावर हिरवी पट्टी. संग्रहालयात महावीरांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांतून मांडलेत. चंदनबालेपाशी आम्ही तिघी थांबलो. राजकन्या, पण बाजारात विकली गेलेली, डोकं भादरलेलं, पायात बेडी, हातातल्या सुपात उडदाच्या घुगऱ्या. पाच महिने पंचवीस दिवस महावीर कौशांबीत भिक्षेला घरोघर जाऊन रिकाम्या हातानं परतत होते, कारण मनात धरलेला अभिग्रह, म्हणजे भिक्षा घेण्यासाठी स्वतःशी ठरवलेल्या अटी, कुठंच जुळत नव्हता. तो या दासीच्या उंबऱ्यावर जुळला. पुढं तीच छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली. साडेबारा वर्षांत त्यांनी अन्न घेतलं ते फक्त तीनशे एकोणपन्नास दिवस, असं परंपरा सांगते. त्यातला हा एक घास एका गुलाम मुलीच्या हातचा.

सोनभांडार लेणी, गरम पाण्याची कुंडं वगैरे धावत पाहिली.

पाचवा दिवस : पावापुरी

गिरियकच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं पाच साध्वी चालल्या होत्या. पांढरे कपडे, काखेत रजोहरण म्हणजे जीवजंतू बाजूला सारायचा मऊ कुंचा, पाय अनवाणी. चातुर्मास नुकताच संपलाय, विहार सुरू झालेत. भाभींनी गाडी थांबवायला सांगितली, उतरून वंदन केलं. पुढच्या गावी पोचायला त्यांना दुपार होणार होती. आमची गाडी निघाली आणि दोन मिनिटांत त्या आरशातून दिसेनाशा झाल्या. मला फार चुकल्यासारखं वाटलं. सहा दिवसांत आम्ही जे गाठत होतो, त्यासाठी महावीरांचे पाय बेचाळीस वर्षं झिजले होते.

जलमंदिर कमळांच्या तळ्याच्या मधोमध आहे, पांढरं, बुटकं, शांत. काठापासून दगडी पूल जातो. या दिवसांत फुलं थोडीच, पानं मात्र तळंभर. अग्निसंस्कारानंतर लोकांनी राख म्हणून चिमूट चिमूट माती उचलली, ती इतकी की खड्डा होऊन तळं झालं, अशी आख्यायिका आहे. आत मूर्ती नाही. पादुका आहेत. राजगीरच्या डोंगरांवरही जागोजागी पादुकाच होत्या. चालत राहिलेल्या माणसाची आठवण पावलांतच ठेवावी, हे मला फार बरोबर वाटलं.

गावमंदिरात निर्वाणाची जागा दाखवतात. हस्तिपाल राजाच्या लेखनशाळेत शेवटचा चातुर्मास होता. आश्विन अमावास्येची रात्र, इ.स.पू. ५२७, वय बहात्तर. शेवटी सलग सोळा प्रहर, म्हणजे दोन दिवस, दोन रात्री ते बोलत होते. काशी-कोसलचे अठरा गणराजे, नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी, तिथं होते. ज्ञानाचा उजेड गेला, आता पदार्थाचा उजेड करू, म्हणून त्यांनी दिवे लावले. आमच्या घरी दिवाळीत पहाटे बस्तीत निर्वाणलाडू वाहतात, मगच फराळ. आईच्या पिशवीत यंदाच्या लाडवाचा कागदात गुंडाळलेला तुकडा होता. तिनं तो इथं ठेवला.

उत्तर प्रदेशातलं फाजिलनगर म्हणजे खरी पावा, असंही काही अभ्यासक मानतात. हे मी यावेळी आईला सांगितलं नाही.

त्या रात्री गौतम मात्र जवळ नव्हता. भगवानांनीच त्याला देवशर्मा नावाच्या ब्राह्मणाला उपदेश करायला शेजारच्या गावी पाठवलं होतं. परतताना वाटेत बातमी कळली आणि तो ज्ञानी माणूस लहान मुलासारखा रडला. मला शेवटी लांब का पाठवलंत? कुणाला विचारू आता? मग रडता रडताच त्याला दिसलं की माझी एवढ्या वर्षांची गाठ हीच होती, हे प्रेम. पहाटेपर्यंत त्यालाही केवलज्ञान झालं. भाभींनी ही गोष्ट पुलावर उभं राहून सांगितली. सांगताना त्यांचा आवाज दाटून आला. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, रुग्णालयानं त्यांना घरी जाऊन झोप घ्या म्हणून पाठवलं होतं त्या रात्री. एरवी त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. आईनं त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तळ्यात मासे पानांखालून येत-जात होते. इथं त्यांना कुणी पकडत नाही.

सहावा दिवस : लछुआड

जमुईचा रस्ता लांब. सिकंदराच्या पुढं डोंगर जवळ येतात, शालाची झाडं दिसायला लागतात. लछुआडपासून क्षत्रियकुंडाचं मंदिर आत डोंगरात. इथली काळ्या पाषाणाची महावीरमूर्ती २०१५ मध्ये चोरीला गेली होती आणि काही दिवसांतच परत सापडली. भाभींच्या घरी त्या दिवसांत सगळ्यांनी उपवास धरले होते.

वाटेत दोघींची स्वप्नांवरून मोजणी चालली होती. त्रिशलामातेला पडलेली स्वप्नं आईच्या हिशेबात सोळा, भाभींच्या चौदा. हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, माळा, चंद्र, सूर्य हे जमलं. मग भाभींकडे ध्वज निघाला, तो आईकडे नाही. आईकडे माशांची जोडी, सिंहासन आणि नागभवन निघालं, ते भाभींकडे नाही. भाभींकडे विवाह आहे, यशोदा आहे, प्रियदर्शना नावाची मुलगी आहे. आईकडे वर्धमान अविवाहितच.

मंदिरात भाभींनी आणखी एक गोष्ट सांगितली. पोटात असताना बाळानं ठरवलं की आपल्या हालचालीनं आईला त्रास नको, म्हणून ते अगदी निश्चल झालं. त्रिशलेला वाटलं बाळ गेलं. राजवाड्यात गाणं-बजावणं थांबलं. हे कळल्यावर बाळानं एक बोट हलवलं, आणि मनाशी ठरवलं की आईवडील असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही. तसंच केलं. ते गेले तेव्हा वर्धमान अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि भाऊ नंदिवर्धनासाठी आणखी दोन वर्षं थांबला.

“आमच्यात न्हाई ही गोष्ट,” आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पुन्हा सांगा, भाभी. ते बोट हलवलेलं.”

भाभींनी पुन्हा सांगितलं.

मी वाट बघत होते. तिसऱ्यांदा पाळणा येणार, हे मला ठाऊक होतं, आणि कुंडलपुरात वाटला तसा आता त्याचा मला अडथळा वाटत नव्हता. आई खांबाला टेकून बसली, पण सुरुवात करेना. म्हणाली, “इथं तुम्ही म्हणा. तुमचं गाव हाय हे.”

भाभी लाजल्या. पर्युषणात महावीरांचा जन्म वाचतात त्या दिवशी त्यांच्या उपाश्रयात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या जागी, चांदीची चौदा स्वप्नं वरून खाली उतरवतात, मग पाळणा मिरवत कुणाच्या तरी घरी नेतात आणि रात्रभर बायका गातात. ते गाणं त्यांनी म्हटलं. अर्धं गुजराती, अर्धं मारवाडी. चाल आमच्या पाळण्यासारखी नव्हती, पण झोका तोच होता. आईचा हात मांडीवर आपोआप हलायला लागला. दुसऱ्या कडव्याला ती ‘हालो हालो’ एवढंच पाठीमागून म्हणत होती.

संपल्यावर तिनं माझ्याकडे हात केला. “पेन हाय का तुझ्याकडे?” मी वही काढली. “ती नको, ती तुझी हिशोबाची.” धर्मशाळेची पावती तिच्या कनवटीला होती, ती काढून तिनं उलटी केली, मांडीवर सपाट केली आणि भाभींपुढे धरली.

“मराठी अक्षरात लिहा,” ती म्हणाली. “मोठं लिहा, मला बारीक दिसत न्हाई.”